शंभर योजनांची वाट

गव्हाण ह्या शब्दाचा अर्थ शहरांतील तरुण मंडळींस आतां सांगावा लागेल. गोठ्यांत गुरांपुढें वैरण टाकण्यासाठीं जी जागा केलेली असते ती गव्हाण. ह्याच नांवाचें एक गांव पनवेल तालुक्यांत, उरणच्या वाटेवर आहे. गांवाला हें नांव कशावरून पडलें ह्या वादांत मी शिरत नाहीं. पण ज्या गांवाच्या नांवांतच खाण्याची गोष्ट आहे, तेथून खाण्यापिण्याच्या व हालचालीच्या एका रोगाची कथा सांगावयास प्रारंभ करणें मला सोयीचें वाटतें.

दरसाल नोव्हेंबरच्या चौदा तारखेच्या आगेंमागें आपल्या शहरांत रविवारीं पहाटें एक देखावा दिसतो. एका रंगाचे सदरे घातलेलीं शेंकडों माणसें, डॉक्टर, वकील, कारकून, गृहिणी, शाळेंतील मुलें आणि काठी टेकीत येणारे आजोबाही, तीन, पांच किंवा दहा किलोमीटर धांवतात अथवा चालतात. प्रवेशाची वर्गणी मधुमेहाची तपासणी, गरीब रोग्यांचें औषध आणि लोकशिक्षण ह्यांकडे जावी अशी योजना असते. परोपकारासाठीं धांवणें! आपल्या आजीबाईंच्या कानांवर ही गोष्ट घातली असती तर त्या म्हणाल्या असत्या, "अरे, धर्म करावयाचा तर पैसे द्या, शेर-दोन शेर धान्य द्या, उगीच धांवतां कशाला?"

श्रोतेहो, हा प्रश्न वेडगळ नाहीं. धांवण्याचा रोगाशीं काय संबंध, आणि धर्माचा धांवण्याशीं काय संबंध, हें नीट समजून घ्यावयाचें असेल तर इतिहासाचे तीन प्रवाह कोठें कोठें उगम पावले व कसे एकत्र आले हें पाहावें लागेल. पहिला वैद्यकाचा, दुसरा धांवण्याच्या शर्यतींचा, आणि तिसरा वर्गणीचा.

मधुमेह हा रोग नव्या युगाचा आहे अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. चरक व सुश्रुत ह्या दोन्ही संहितांत प्रमेहाचें सविस्तर वर्णन आहे, आणि गोड झालेल्या मूत्राकडे मुंग्या धांव घेतात ही खूण आपल्या वैद्यांनीं फार प्राचीन काळीं टिपून ठेविली होती. सुश्रुतानें तर ह्या रोगाचे दोन भेद केले: एक सहज, म्हणजे जन्मापासून लाभलेला, दुसरा अपथ्यानें ओढवून घेतलेला. पहिल्याचा रोगी बहुधा कृश, दुसऱ्याचा बहुधा स्थूल. आजचे डॉक्टर ह्या रोगाचे जे दोन मुख्य प्रकार मानतात त्यांच्याशीं ही विभागणी सर्वस्वीं जुळते असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि निरीक्षणाची दिशा एकच होती ह्यांत संशय नाहीं.

ह्या रोगावर सुश्रुतानें सांगितलेला एक उपाय मोठा विलक्षण आहे. जो रोगी निर्धन आहे, ज्याला कोणी आप्त नाहीं, त्यानें पायांत वहाणा न घालतां व डोक्यावर छत्री न धरतां, भिक्षेवर निर्वाह करून, एका गांवीं एकच रात्र राहून, मुनीप्रमाणें मन आवरून शंभर योजनें किंवा त्याहून अधिक चालावें. जो मोठा धनिक आहे त्यानें सांवे व देवभात ह्यांवर राहून, आंवळे-कवठें खाऊन, हरिणांच्या संगतींत वास करावा व गाईंच्या मागें सतत हिंडावें. इतरांनीं निरंतर नांगर धरावा किंवा विहीर खणावी. आणि हें सर्व सांगून झाल्यावर सुश्रुत बजावितो कीं, जो कृश आहे त्याचें मात्र सदैव रक्षण करावें.

योजन म्हणजे चार कोस धरले तर शंभर योजनें चारशें कोस होतात. गव्हाणहून पायीं पंढरपूर गांठावें, परत यावें, आणि पुन्हां पंढरपुरास निघावें, तरी हें अंतर संपणार नाहीं! पण आंकड्यापेक्षां विचार महत्त्वाचा. श्रीमंताला सुश्रुतानें गुराख्याचा दिनक्रम दिला, बाकीच्यांना कुणब्याचा, आणि निर्धनाला यात्रेकरूचा. म्हणजे कष्ट हेंच त्यानें औषध मानलें. परंतु ज्याच्या अंगांत कस उरलेला नाहीं त्याला हें औषध विष होईल, हेंही तो जाणून होता. आमच्या पनवेलला आयुर्वेदाची ओळख करून देण्याची गरज नाहीं; श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना तेथें १८७२ सालीं निघाला. पण बाटलींतील औषधाला गिऱ्हाईक मिळतें, शंभर योजनांच्या औषधाला मिळत नाहीं, ही गोष्ट त्या काळींही खरी असावी.

पाश्चात्य वैद्यकानें ह्या रोगाचें मूळ शोधण्यास पुढें प्रारंभ केला. १७७६ सालीं लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन ह्यांनीं रोग्याच्या मूत्रांतील गोडी खरोखरच साखरेची आहे, आणि ती रक्तांतही असते, हें दाखविलें. १८८९ सालीं मिंकोव्स्की व फॉन मेरिंग ह्यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें असतां त्याला मधुमेह होतो हें सिद्ध केलें. आणि १९२१ च्या उन्हाळ्यांत कॅनडांतील टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शस्त्रवैद्य आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी, प्राध्यापक मॅक्लाउड ह्यांच्या प्रयोगशाळेंत, स्वादुपिंडाचा अर्क काढण्याच्या खटपटीस लागले. जेम्स कॉलिप ह्या रसायनज्ञानें तो अर्क शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्पसन ह्या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला पहिली सुई टोंचली गेली. तिचा गुण बेताचाच आला. बारा दिवसांनीं शुद्ध अर्क दिला, आणि मुलगा सावरला. सुश्रुतानें ज्या कृश रोग्याचें रक्षण करा म्हणून सांगितलें होतें, त्याचें रक्षण करण्याचें साधन मनुष्याच्या हातीं प्रथमच आलें. त्याचें नांव इन्शुलिन.

पुढील गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें शोधाइतकीच मोठी आहे. इन्शुलिनच्या पेटंटचे हक्क बँटिंग, बेस्ट व कॉलिप ह्यांनीं टोरोंटो विद्यापीठाला माणशीं एक डॉलर घेऊन देऊन टाकले. कुबेराची संपत्ति दारीं आली असतां तिला त्यांनीं दुसऱ्यांच्या दारीं पाठविलें. चौदा नोव्हेंबर हा बँटिंगचा जन्मदिवस. त्याचा जन्म १८९१ चा. हाच दिवस १९९१ पासून जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो, आणि डिसेंबर २००६ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें त्यास मान्यता दिली. रविवारच्या ज्या धांवेचें वर्णन मीं आरंभीं केलें तिचा मुहूर्त नोव्हेंबरांत कां असतो, ह्याचें उत्तर ह्या जन्मतिथींत आहे.

मुंबईत ह्या कार्याला संस्थेचें रूप १९५५ सालीं मिळालें. डॉ. शांताराम आजगांवकर ह्यांनीं त्या वर्षीं डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था काढली. पुढें माहीम येथें उभें राहिलेलें रहेजा रुग्णालय ह्याच प्रयत्नाचें फळ होय. आजगांवकरांची दृष्टि केवळ औषधापुरती नव्हती. ह्या रोगांत वैद्य महिन्यांतून एकदां भेटतो, पण रोग्याला स्वतःशीं दररोज तीन वेळां पानावर बसतांना गांठ घालावी लागते. म्हणून रोग्याला शिकविणें हाच उपचाराचा अर्धा भाग होय, हें तत्त्व ह्या संस्थेच्या कार्याच्या मुळाशीं आहे. मधुमेहाच्या बाबतींत शिक्षण हा शब्द औषधाच्या जोडीनें उच्चारला जातो तो ह्यामुळें.

आतां दुसरा प्रवाह, धांवण्याचा. मॅरेथॉन हा शब्द ग्रीसचा आणि आधुनिक शर्यत १८९६ च्या अथेन्समधील ऑलिंपिकची, हें सर्वांस माहीत आहे. पण ह्या शर्यतींत आपला माणूस प्रथम केव्हां उतरला हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा ह्यांनीं तेथील शर्यतींत खेड्यांतील अनवाणी शेतकरी धांवतांना पाहिले. त्यांचा वेग युरोपांतील नामांकित धांवपटूंच्या वेगाजवळ जातो हें पाहून ते चकित झाले, आणि कांहींसा स्वतःचा पैसा घालून त्यांनीं १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला एक लहानसें पथक पाठविलें. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्यें ते एकोणिसावे आले. सदाशिव दातार हे दुसरे धांवपटुही त्या शर्यतींत उतरले होते, परंतु ते शेवटपर्यंत जाऊं शकले नाहींत.

ह्या प्रसंगाकडे जरा निराळ्या दृष्टीनें पाहा. १९२० सालीं शहरांतील धनिकानें खेड्यांतील माणसाला धांवण्यासाठीं पैसा दिला, कारण धांवण्याची ताकद खेड्यांत होती व पैसा शहरांत होता. आज शहरांतील माणूस पैसा भरून स्वतः धांवतो, कारण त्याच्यापाशीं पैसा आहे पण हालचाल नाहीं. शंभर वर्षांत हा उलटफेर झाला. त्याचें पुढचें पाऊल खेड्यापर्यंत कसें गेलें तें मी लौकरच सांगणार आहें.

तिसरा प्रवाह वर्गणीचा. ह्यांत महाराष्ट्राला कोणापासून धडा घेण्याची गरज नाहीं. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं माणशीं एक पैसा मागत पैसाफंड उभा केला, आणि त्यांतून १९०८ सालीं तळेगांव येथें कांचेचा कारखाना निघाला. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीं गरीब बायांकडून मूठमूठ धान्य जमवून मुलांच्या वसतिगृहांची चूल पेटती ठेविली. त्याच संस्थेचें विद्यालय आज गव्हाणांतही आहे. ह्या दोन्ही उद्योगांतील मर्म एकच: देणगी लहान, देणारे अनेक, आणि देण्याची कृति रोजच्या जीवनांतलीच. मूठभर धान्य बाजूला काढणारी बाई दरवेळीं शाळेची आठवण करीत असे. पैसा जमला तो जमलाच, पण आठवण जमली हा मोठा लाभ.

ह्या वर्गणीला धांवण्याशीं जोडण्याचें श्रेय ज्यांस द्यावयाचें त्यांत कॅनडाच्याच एका तरुणाचें नांव प्रथम येतें. टेरी फॉक्स ह्याचा एक पाय कर्करोगामुळें कापावा लागला होता. १२ एप्रिल १९८० रोजीं कृत्रिम पाय लावून तो देशाच्या पूर्व टोंकाहून निघाला आणि रोज सुमारें एका मॅरेथॉनएवढें अंतर तोडूं लागला. प्रत्येक देशबांधवाकडून कर्करोगाच्या संशोधनासाठीं एक डॉलर मिळावा एवढीच त्याची मागणी. १४३ दिवस धांवल्यावर रोग फुप्फुसांत पोहोंचला व त्याला थांबावें लागलें. पुढील वर्षीं तो वारला. पण १९८१ पासून त्याच्या नांवानें दरसाल धांव निघते. माणशीं एक डॉलर; इन्शुलिनच्या दानाचा आंकडाही तोच होता, आणि आमच्या पैसाफंडाचा हिशेबही त्याच जातीचा. मुंबईत २००४ सालीं जी मॅरेथॉन सुरू झाली तिनें सत्कार्यासाठीं धांवण्याची ही रीत आपल्याकडे रूढ केली. फेब्रुवारी २०२४ मध्यें तर शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूवरही मॅरेथॉन झाली, आणि धांवणें गव्हाणच्या अगदीं शेजारीं येऊन ठेपलें.

येथें तीनही प्रवाह गव्हाणजवळ येतात. म्हणून आतां ह्या भूमीकडे वळूं. पनवेल-उरणचा हा पट्टा भातशेतीचा, मिठागरांचा व मासेमारीचा. आगरी, कोळी, कराडी ही येथील कष्टकरी मंडळी. समुद्राचें पाणी अडविणारे बांध घालावे, फुटले तर भरती येण्यापूर्वीं बुजवावे. चिखलांत वांकून लावणी करावी. मिठागरांत उन्हाच्या तडाख्यांत मीठ ओढावें आणि डोक्यावरून वाहून न्यावें. सुश्रुतानें नांगर धरावयास व विहीर खणावयास ज्यांना सांगितलें होतें त्यांना ह्या लोकांकडे बोट दाखवितां आलें असतें. शंभर योजनें चालण्याचा उपदेश ह्यांना करण्याची आवश्यकताच नव्हती.

१९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई वसविण्यासाठीं ठाणें, पनवेल व उरण भागांतील ९५ गांवांच्या जमिनी संपादण्याचें काम सुरू झालें. गव्हाण ह्याच पट्ट्यांत येतें. जमिनीच्या मोलासाठीं जासईचे दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं झालेल्या गोळीबारांत पांच जण कामास आले. त्यांच्या बलिदानामुळें पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पदरांत पडली. १९८९ मध्यें न्हावाशेवा बंदर सुरू झालें, जानेवारी २०२४ मध्यें सागरी सेतु व उरणपर्यंतचा लोहमार्ग, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें विमानतळाचें उद्घाटन झालें. जमिनीचा मोबदला काय मिळाला, पुरेसा मिळाला कीं नाहीं, ह्याचे हिशेब अनेकांनीं मांडले आहेत. पण जमिनीबरोबर माणसाची हालचालही गेली, ह्याची नोंद कोणत्या सातबाऱ्यावर होणार? ज्या शरीराला पिढ्यान् पिढ्या बांधावरच्या कष्टांची संवय, तें एका पिढींत दुचाकीवर व खुर्चींत बसलें. भाताचें ताट मात्र पूर्वींएवढेंच राहिलें.

ह्याचा परिणाम काय होतो हें पुण्याजवळील खेड्यांत केलेल्या एका दीर्घ अभ्यासानें दाखविलें आहे. केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं १९९३ पासून सहा खेड्यांतील माता व बालकें ह्यांचा पाठपुरावा केला. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरीनें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. पण ह्या लहानग्यांत उणीव होती ती मुख्यतः मांसाची. चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. वरून किरकोळ, आंतून मेदयुक्त, अशी ही काया जन्मापासूनच घडते. आईच्या पोटांत टंचाई सोसलेल्या अशा शरीरावर पुढें सुबत्ता व बैठक एकदम कोसळली कीं मधुमेहास वाट मोकळी होते. "आम्ही कांहीं लठ्ठ नाहीं" हा खेड्यांतील माणसाचा दिलासा म्हणूनच फसवा आहे.

देशाचे आंकडे तेंच सांगतात. १९७० नंतरच्या दशकांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें केलेल्या पाहणींत हा रोग शहरांत शेंकडा सुमारें दोन व खेड्यांत शेंकडा सुमारें दीड प्रौढांत आढळला होता. त्याच परिषदेच्या पाठिंब्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार हें प्रमाण शहरांत शेंकडा १६.४ व खेड्यांत ८.९ झालें, रोग्यांची संख्या दहा कोटींच्या वर गेली. दोन्ही पाहण्यांच्या पद्धति सारख्या नव्हत्या हें जमेस धरूनही फरक डोळ्यांत भरतो. बाबूलोकांचा व शेठसावकारांचा म्हणून ओळखला जाणारा रोग कुणब्याच्या ओसरीवर येऊन बसला आहे.

आतां प्रश्न उरतो तो आजीबाईंचा: धांवून काय होणार? त्याचें उत्तर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन ह्यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मिळतें. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचे गट करून त्यांतील एका गटास केवळ आहार व नित्य चालणें ह्यांचा सतत उपदेश केला. तीन वर्षांत उपदेश न मिळालेल्यांपैकीं शेंकडा ५५ जणांना रोग जडला. उपदेश मिळालेल्यांत तो शेंकडा ३९ वर थांबला. औषधाची गोळी नाहीं, शस्त्रक्रिया नाहीं. केवळ चालणें, आणि चाला म्हणून पुन्हां पुन्हां सांगणारा कोणी असणें. सुश्रुताच्या उपदेशाला मिळालेली ही आधुनिक साक्षच होय.

पण ह्या साक्षींतच रविवारच्या धांवेची परीक्षाही आहे. प्रयोगांतील माणसें तीन वर्षें चाललीं, एक सकाळ नव्हे. एका अशा धांवेच्या शेवटीं मीं स्वतः पाहिलें कीं, दमून आलेल्या मंडळींच्या हातांत गोड पेयाचा पेला दिला जात होता, आणि बाजूच्या फलकावर साखरेपासून सावध राहण्याचा उपदेश होता! इन्शुलिन घेणाऱ्या धांवकाच्या खिशांत साखरेचा खडा असावाच, कारण धांवतांना रक्तांतील साखर एकदम उतरून त्याला भोंवळ येऊं शकते. त्यानें डॉक्टरांस विचारल्याशिवाय धांवूंच नये. कृशाचें रक्षण करा, हें सुश्रुताचें वाक्य प्रत्येक चालकानें आपल्या तंबूवर लिहून ठेवावें. परंतु सर्वांना सरसकट साखर वांटणें म्हणजे देवळांत जाऊन देवाकडे पाठ करणें होय.

धांवेंतून जमलेला पैसा कोठें जावा, हें ठरविणें कठीण नाहीं. गरोदर स्त्रीची तपासणी व तिचा आहार, कारण रोगाचें बीज तेथें पडतें. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची वर्षांतून एकदां रक्ततपासणी. रोग्याच्या पायांची पाहणी, कारण अनवाणी चालण्याची संवय असलेल्या पायाला बधिरपणा आला कीं कांटा रुतल्याचेंही भान राहत नाहीं. आणि ज्या मुलाचें जीवन इन्शुलिनवर अवलंबून आहे त्याला तें खंड न पडतां मिळणें. हीं चार कामें झालीं तर वर्गणी सार्थकीं लागली.

आणि पांचवें काम पैशाचें नाहीं. डॉक्टर म्हणतात, रोज अर्धा तास चाला. गव्हाणच्या माणसानें चालावें कोठें? ज्या बांधांवरून त्याचे आजोबा चालत ते बुजले. गव्हाण फाट्यावरून बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवजड पेट्या वाहणाऱ्या गाड्यांची रांग असते. तेथें पायीं चालणारा जीव मुठींत धरून चालतो. ज्यांनीं शहराला जमीन दिली त्यांना त्या शहरानें सावलीची, निर्भय अशी चार हात रुंद पायवाट परत द्यावी, ही मागणी आरोग्याची आहे तितकीच न्यायाचीही आहे. वर्षांतून एक सकाळ पोलीस बंदोबस्तानें रस्ता मोकळा होतो व शहर धांवतें. उरलेल्या ३६४ सकाळीं तो कोणासाठीं मोकळा असतो, हा प्रश्न धांव संपल्यावर सदरा बदलतांना प्रत्येकानें स्वतःला विचारावा.

आजीबाईंना मी म्हणेन: धर्म पैशानेंच होतो हें खरें, आणि तो आम्ही देतोंही. पण हा रोग असा आहे कीं ह्यांत देणाऱ्यालाही चालावें लागतें. दुसऱ्याच्या वतीनें पैसा भरतां येतो, चालतां येत नाहीं. शंभर योजनांची वाट ज्याची त्यानेंच तोडावयाची आहे. आपल्या हातीं आहे तें एवढेंच, कीं ती वाट बुजूं देऊं नये.